मालवाहू विमानातलं कोकरू

सोनपेठच्या रायभाननं विमानं खालूनच पाहिली होती. एका कोरड्या साली ढगांत औषध फवारून पाऊस पाडणारं छोटं विमान त्याच्या डोक्यावर घिरट्या घालून गेलं. निवडणुकीत पाथरीला हेलिकॉप्टर उतरलं, तेव्हा त्याची मेंढरं अशी उधळली की गोळा करता करता दिवस मावळला. पन्नाशी उलटल्यावर आपणच विमानात बसू, तेही मेंढरांसंगट, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

मेंढ्यांचे व्यापारी तात्याराव यांना पैदाशीचा कळप आखातात पाठवायचा होता. वाटेत सांभाळायला जाणता माणूस हवा, म्हणून त्यांनी रायभानला विचारलं. तो घुटमळला, तशी बायको बानूबाई म्हणाली, "जावा की. मी हाय ना इथं."

मालवाहू विमानात शिरल्यावर रायभान बघतच राहिला. खिडक्या बुजवलेल्या, नि आतल्या लांबलचक पोटात मेंढ्यांचे लाकडी पिंजरे साखळ्यांनी जखडलेले. माणसांना बसायला पुढं मोजक्या खुर्च्या. विमान उडालं तशा मेंढ्या एकमेकींत डोकी खुपसून थरथरू लागल्या. वर स्थिरावल्यावर तो पिंजऱ्यांपाशी गेला आणि रानात घालतो तशी शीळ हलकेच घालत राहिला. हळूहळू कळप निवला.

एक मेंढी मात्र पाय झाडायला लागली. तपासणीत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण ती गाभण होती. रायभाननं बाह्या सारल्या. थोड्याच वेळात कोकरू हातात आलं; त्यानं त्याचं नाक उपरण्यानं पुसलं, छाती चोळली. कोकरू शिंकलं नि ओरडलं.

ओरडणं ऐकून सहवैमानिक योगिनी मागं आली. मुलगी पुण्याची होती.

"काका, हे कधी झालं?"

"आत्ताच. आईला पाजू द्या, बाकी काही न्हाई."

ती उकिडवी बसली, कोकराच्या कानाला बोट लावून म्हणाली, "या विमानात आधी माणसं बसायची. जुनं झालं तसं खुर्च्या काढून मालासाठी केलं."

"मंजी आमी माणसांच्या जाग्यावर बसलाव," रायभान म्हणाला, आणि दोघंही हसले.

उतरल्यावर तिकडच्या जनावरांच्या डॉक्टरांनी कोकरू पाहिलं. हे कुठून आलं, असं त्यांनी खुणेनं विचारलं. रायभाननं आभाळाकडं बोट केलं. डॉक्टर खदखदून हसले आणि त्यांनी मायलेकरांना एकाच पिंजऱ्यात ठेवलं.

परतीला त्याला प्रवासी विमानात खिडकीची जागा मिळाली. खाली ढग होते, हातात चहा होता.

घरी बानूबाईनं विचारलं, "कोणतं इमान बरं?"

"मालाचं. माणसांच्यात पाय पसरता येईनात."

"अन् फोनवर सांगितलं ते लेकरू?"

"आईजवळ हाय. लय गुटगुटीत."

बानूबाईनं समाधानानं मान हलवली आणि त्याच्या ताटात ऊन भाकरी वाढली.