हरलेल्याचाच फोन घेणारा माणूस

थांबाकाकांचा विश्वासघात झाला तो महाशिवरात्रीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेदहा ते दुपारी एकच्या दरम्यान, टेंभुरदरीच्या माळावर. कुणी केला? 'काही टवाळ पोट्ट्यांनी' असं लिहून मला मोकळं होता आलं असतं. तसं लिहिणार नाही. त्यांचा कार्यक्रम ऐकणाऱ्या सगळ्यांनी केला. तुम्ही केला, मी केला.

ज्यांनी काकांना कधी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात एक लहानसं रेडिओ केंद्र आहे. दर सोमवारी सकाळी साडेसातला काका तिथून गावोगावच्या सामन्यांचे निकाल सांगत. कबड्डी, खो-खो, कुस्ती, शंकरपट. सांगायची पद्धत जगावेगळी. "थांबा जरा," ते म्हणत, "आधी हरलेल्यायचं ऐका." मग हरलेला संघ कसा खेळला, कोणाची पकड कुठे सुटली, कोणाचा घोटा मुरगळला, मैदानात ढेकळं किती होती, सगळं सावकाश. शंकरपट असला तर हरलेल्या बैलांची नावंसुद्धा. जिंकलं कोण, ते सगळ्यात शेवटी आणि जाता जाता सांगितल्यासारखं. त्यावरून त्यांचं नाव थांबाकाका पडलं. स्वतःचं खरं नाव ते कार्यक्रमाच्या सुरुवातीला सांगत, पण ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. कोणी ठेवलंच नाही.

माणूस राजूरचा. कोळशाच्या खाणीत हजेरी घ्यायचं काम केलं, आणि खाणकामगारांच्या कबड्डीत भोंग्यावर बोलून बोलून घसा बसवून घेतला. निवृत्त झाल्यावर दारव्ह्याला मुलीकडे राहायला आले. वणी, राजूर, मुकुटबन हा सगळा भाग त्यांना घरच्या अंगणासारखा ठाऊक. आमचं टोक त्यांना नवीन. इथल्या एखाद्या गावाचं नाव पहिल्यांदा ऐकलं की विचारत, "कोणत्या रस्त्यानं येते हे? काळीपिवळी जाते काय तिथं?" आणि वहीत लिहून घेत.

त्यांची टिंगल करणं हा आमच्याकडचा सोमवारचा उद्योग होता. पानठेल्यावर रेडिओ लावून लोक बसत. काका बोलता बोलता खोकलले की कोणीतरी ओरडायचं, "लिहा, एक गुण!" दुसऱ्यांदा खोकलले की, "लोण चढला रे!" शेवटची दहा मिनिटं श्रोत्यांच्या फोनची असत. एकदा एकाने फोन केला, "काका, काल बायकोनं मले हरवलं. आधी माह्यं सांगा न!" काका हसले. म्हणाले, "सांगतो ना राजा. पकड कुठं सुटली?" पानठेला फुटला हसून. त्या टिंगलीत प्रेम होतं असं आज सगळे सांगतात. असेलही.

आता त्यांच्या कामाची मुख्य गोष्ट. निकाल कळवायला रविवारी संध्याकाळी गावागावांतून फोन येत, आणि काका फक्त हरलेल्या संघाचा फोन घेत. जिंकलेल्यांचा आला तर म्हणत, "हरले त्यायले दे फोन." केंद्रातल्या लोकांनी त्यांना सांगून पाहिलं, काका, दोन्हीकडून खात्री करून घ्या. काकांचं उत्तर ठरलेलं. "जिंकलेला दोन गुण वाढवून सांगते. हरलेला कायले खोटं बोलन?" इतक्या वर्षांत या एका विश्वासावर त्यांनी शेकडो निकाल सांगितले, आणि एकाही गावाने त्यांना चूक काढून दाखवली नाही.

मी नववीत असताना आमच्या तांड्यावरच्या मुलींचा संघ पहिल्यांदा बाहेर खेळायला गेला आणि सपाटून हरला. फोन करायला कोणी तयार होईना. मी याडीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, मोबाइलवरून केला.

"कोण हरलं?" काकांनी विचारलं.

"आम्ही."

"मंग बोल व माय. मी लिहून राह्यलो."

मी रडत रडत सांगितलं. ते मध्ये मध्ये विचारत होते, तुझ्या उजव्या बाजूला कोण होती, तिने पाय धरला की कंबर, जमीन ओली होती का. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या तांड्याने आमचा पराभव ऐकला. काका म्हणाले, "या पोरीयले घाबरता येत नाही, एवढीच त्यायची चूक. अंगावर जातात. थोडं थांबून खेळल्या तं पुढच्या वर्षी याच पोरी मले फोन करणार नाहीत." याडी भाकर थापायची थांबली आणि आमच्या बोलीत म्हणाली, हरल्यावर इतकं बोलतात तर मग हरण्यात एवढं काय वाईट आहे? आमच्या मुली त्यानंतर कधी घरी बसल्या नाहीत, आणि हरलो की काकांना फोन मीच करायचे. आज मी गावोगाव फिरते, मैदानं वाचवा म्हणून पत्रकं लिहिते, कार्यालयांच्या दारात बसते, ती हिंमत मला कोणत्या शिबिरात मिळालेली नाही.

आणि म्हणूनच पुढचं लिहिताना माझी मला लाज वाटते.

गेल्या दिवाळीनंतर टेंभुरदरी नावाचा नवा कबड्डीचा संघ काकांच्या कार्यक्रमात आला. कर्णधार दर रविवारी फोन करायचा. संघ दर रविवारी हरायचा, आणि हरायचा तोही एका गुणाने. मैदान नाही, तुरीच्या शेतात खेळतो, आखायला चुन्याची फक्कीसुद्धा नाही, एकाच्या पायात चप्पल तर दुसऱ्याच्या नाही. कर्णधार असं काही रंगवून सांगायचा की ऐकत राहावं. काकांचा जीव त्या संघावर जडला. सोमवारी सगळ्यात आधी टेंभुरदरी. "सातही गडी जिगरीचे," ते सांगत. "हे पोट्टे एक दिवस जिंकतीन, अन् त्या दिवशी मी पहिल्यांदा जिंकलेल्यायचं आधी सांगीन."

टेंभुरदरीत माणूस राहत नाही. महसुलाच्या कागदावर गाव आहे. जागेवर पळसाची झाडं, एक पडकी विहीर आणि माळ. अशा उजाड गावाला आपल्याकडे रिठ म्हणतात. दारव्ह्याच्या बाजूच्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते फक्त राजूरहून आलेल्या काकांना. काही जणांनी पानठेल्यावर बसून हा संघ रचला होता. हरलेल्यावर काका डोळे झाकून विश्वास ठेवतात हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी संघ हरवत ठेवला.

पण जिंकायला तर कोणीतरी खरं लागतं. ती गावं आपली होती. प्रत्येक सोमवारी आपल्यातल्या एका खऱ्या गावाने टेंभुरदरीला हरवल्याचं रेडिओवर सांगितलं जात होतं. एकाही गावातून फोन गेला नाही की काका, असा सामना झालाच नाही. एकदा आमच्या गावाचं नाव आलं. मी चहा पीत होते. ऐकलं, कळलं, आणि हसले. शेजारी बसलेली मैत्रीण म्हणाली, "सांगावं काय त्यायले?" मी म्हणाले, "जाऊ दे न, गंमत आहे." ही माझी भागीदारी. तुमची तुम्ही आठवा.

काकांनी एका सोमवारी जाहीर केलं, येत्या रविवारी मी टेंभुरदरीला येतो. त्यांच्या मुलीने सात बनियनींवर आकडे शिवले. काकांनी एक शिट्टी घेतली, फक्कीची पिशवी घेतली, काळीपिवळीने फाट्यावर उतरले आणि पुढचा रस्ता पायी गेले. पळसामागे बसून पोरांनी काढलेली क्लिप तुम्ही पाहिली आहे. न पाहिलेला माणूस मला या तालुक्यात भेटायचा आहे. तिच्यावर हसण्याचे आवाज चिकटवलेले आहेत. क्लिपमध्ये एक म्हातारा मोकळ्या माळावर वाकून फक्कीने कबड्डीचं मैदान आखतो. मधली रेघ वाकडी झाली म्हणून पायाने पुसतो आणि पुन्हा ओढतो. मग शिट्टी वाजवतो, चारी दिशांना बघतो, आणि फोन लावतो. पलीकडून कर्णधार म्हणतो, "येऊनच राह्यलो काका, दहा मिनिटं." काका म्हणतात, "सावकाश या. उन्हाचे पळत येऊ नका." तिथे क्लिप संपते.

क्लिपमध्ये नाही ते मी सांगते. पुढे दोन तास काका बनियनींची पिशवी मांडीवर घेऊन बसून होते. शेवटी गुरं चारणारा एक माणूस आला. त्याने विचारलं, "बुवा, इथं कायले बसले? हे तं रिठ हाय." काकांनी त्याला विचारलं, "गाव मांगं आहे काय, डोंगराच्या?" तो म्हणाला, "मांगं जंगल आहे." तेव्हा काका उठले.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. आम्हाला वाटलं, येणार नाहीत. साडेसातला आवाज आला. "थांबा जरा. टेंभुरदरीचा संघ नाही. हिवाळाभर मी तुम्हाले खोटे निकाल सांगतले. खात्री करायचं काम माह्यं होतं, मी केलं नाही. ज्या गावायची नावं खोट्या सामन्यात घेतली, त्यायनं मले माफ करावं." आपली माफी मागितली त्यांनी. आपली! मग नेहमीप्रमाणे श्रोत्यांचे फोन घेतले. पहिलाच आवाज आला, "काका, टेंभुरदरीचा आजचा स्कोर किती?" मागे खिदळणं. काकांनी फोन ठेवला, आणि मग गाणं लागलं. त्या वेळेला अजूनही गाणीच लागतात. गावातल्या मुली हरतात, जिंकतात. कोणाला कळत नाही.

बोट दाखवणं हे माझं रोजचं काम आहे. अधिकारी, पुढारी, ठेकेदार, ज्याचं असेल त्याचं नाव घेऊन छापते. या वेळी बोट दाखवायला बाहेर कोणी सापडेना. म्हणून गेल्या आठवड्यात मी दारव्ह्याला त्यांच्या घरी गेले. काका ओट्यावर बसून नातीच्या सायकलची साखळी बसवत होते. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.

"एक सांग व," त्यांनी विचारलं. "तो टेंभुरदरीचा कर्णधार कोण होता? पोट्ट्याले मैदान दिसत होतं. डोळ्यासमोर उभं करत होता. एकदा येऊन भेटला असता तं मी माईक देला असता त्याले. माह्या घशाचं आता काय राह्यलं?"

राग कुठेच नव्हता, आणि मला तो हवा होता. मी सांगून टाकलं. "काका, मलेही माहीत होतं. आमच्या गावाचं नाव घेतलं तुम्ही, तेव्हा मी ऐकत होते. फोन केला नाही."

साखळी त्यांच्या हातातच राहिली.

"तू तं हरून फोन करत होती न व," ते म्हणाले. मग हात पुसले, आत गेले आणि दार लोटून घेतलं. चहा विचारला नाही. काकांच्या घरून चहा न घेता परत आलेली मी पहिली असेन.

केंद्रातल्या लोकांनी त्यांना दोनदा बोलावलं. काका म्हणतात, खरं कोण सांगते हे आता मला ओळखता येत नाही, मग मी सांगू काय? याचं उत्तर केंद्राकडे नाही. ते आपल्याकडे आहे. त्यांची माफी मागायला का गेला नाहीत म्हणून विचारलं की कोणाची आई आजारी पडली, कोणाची परीक्षा आहे, आम्ही तर फक्त क्लिप पुढे पाठवली, ही कारणं मी ऐकली आहेत. मला सांगू नका.

ती क्लिप आत्ता, हे वाचता वाचता, मोबाइलमधून काढून टाका. आणि येत्या रविवारी दारव्ह्याला जा. घोळक्याने जाऊ नका, एकेकटे जा. हार, शाल, फोटो काढणारा कोणी सोबत नको. त्यांच्या ओट्यासमोर उभं राहून आपलं गाव सांगा, आपण काय ऐकलं आणि गप्प का बसलो ते आपल्या तोंडाने सांगा. त्यांनी दार लोटलं तरी पूर्ण सांगा. लोटलेल्या दारातूनही ऐकू जातं.