आजऱ्याहून आणलेला आवाज

जांभळाच्या काळसर खोडावर, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, एक रिकामा किडा चिकटलेला होता — मधाच्या रंगाचा, कागदासारखा हलका, पाठीवर सरळ चीर गेलेला. आतला जीव नुकताच अंगरखा उतरवून कुठेतरी निघून गेला असावा तसा. आजऱ्याला मामाच्या घरामागेच रान सुरू व्हायचे, आणि वैशाखातल्या दुपारी त्या रानातून असा एकसंध, कानांत झिणझिण्या आणणारा नाद उठायचा, की शेजारच्या माणसालाही ओरडून हाक मारावी लागे. पुस्तकात या किड्याला सिकाडा म्हणतात हे मला फार उशिरा कळले. मामा नुसताच ‘रानकिडा’ म्हणायचा. झाडाखाली उभे राहिले की कोरड्या उन्हातही चेहऱ्यावर बारीक तुषार पडत... किडे फांदीतला रस पितात आणि पाणी खाली सोडतात, हे मामाने सांगितल्यावरही मी ते पुसले नाहीत.

आमचे गाव कागलजवळ. चहूबाजूंना ऊस, पाटाच्या पाण्याचा ओला वास, आणि उन्हाळ्याच्या दुपारी निव्वळ शांतता. भाकरी थापता थापता आई मध्येच थबकायची. “हितली दुपार मुकी हाय बघ,” म्हणायची. मामाच्या लग्नात मानपानावरून बाबा रुसून उठले होते. तेव्हापासून चार वर्षे ती माहेरी गेली नव्हती. मला मात्र सुटीत मामा येऊन घेऊन जायचा — उंबऱ्याबाहेरूनच.

त्या वर्षी मी दहा वर्षांची होते. परतायच्या दिवशी मी बिस्किटांच्या डब्याला खिळ्याने भोके पाडली, आत जांभळाची पाने घातली आणि सहा किडे पकडले. एसटीत डबा मांडीवर घेऊन बसले; आतून मधूनच खरखर यायची.

“काय हाय गं त्यात?” शेजारच्या बाईने विचारले.

“आईसाठी आवाज,” मी म्हणाले.

घरी पोचताच ते किडे मी दारातल्या कडुलिंबावर सोडले. दुसऱ्या दिवशी दुपारी एकाने सूर धरला, एकट्यानेच, जरा अडखळत... आई पिठाच्या हातांनी तशीच बाहेर आली, झाडाला पाठ टेकून बसली आणि तिने डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी सगळे शांत. खाली दोन किड्यांना मुंग्या लागल्या होत्या. मी रडू लागले.

“अगं, नुसतं झाड असून भागत न्हाय,” आई म्हणाली. “त्यांची पिल्लं वर्सानुवर्सं मातीत ऱ्हात्यात, मुळांचा रस पिऊन. तिकडं जांभूळ, ऐन, अंजनी पिढ्यान् पिढ्या उभी हाईत. हितं दरसाल नांगर फिरतोय. कसं टिकायचं त्यांनी?”

“तुला आधीच ठाऊक होतं?”

“व्हय की. पर तू एवढ्या लांबनं आणलंस...”

अंगणात विळ्याला धार लावणाऱ्या बाबांचा हात थांबला होता. त्या संध्याकाळी जेवताना, ताटातून मान वर न करता, ते म्हणाले, “सकाळच्या गाडीनं आजऱ्याला जाऊया. मी येतो सोडाय.” आणि दुसऱ्या दिवशी मामाच्या ओसरीवर बसून त्यांनी, जणू मध्ये काही घडलेच नव्हते, दोन कप चहा घेतला.

आई जाऊन आता तीन वर्षे झाली. गेल्या मे महिन्यात मी आजऱ्याला गेले, तर घरामागच्या रानाचा अर्धा उतार मामाच्या काजूच्या बागेखाली आलेला. बागेत एखादाच किडा, तोही वेगळ्या जातीचा असावा. त्याचा सूर बारीक, तुटक. पुढे जुन्या झाडांची सावली सुरू झाली आणि तो भरदार नाद अंगावर आला. मी दोन पावले मागे आले, पुन्हा पुढे गेले. इतक्या जवळ असून हे किडे काजूत का येत नसतील? त्यांना नेमके कोणते मूळ हवे असेल? की कोवळ्या बागेखालची माती अजून त्यांच्या ओळखीची झालेली नाही? कुठल्याही नकाशावर नसलेली ती सीमा मी तीन वेळा ओलांडली.

“काय बघतियास?” काठी टेकत आलेल्या मामाने विचारले.

“एवढंच रान का ठेवलंस, मामा? काजूला चांगली जागा आहे.”

“तुझ्या आईनं सांगितलंतं,” तो म्हणाला. “त्याच येळंला, चार वर्सांनी आली तवा. एवढा तुकडा तोडू नगंस म्हणली.”