मिरजेच्या फळ्या

आमच्या पिकअपचा हौदा खोक्यांचा आहे. म्हणजे बाबांच्या बदल्यांच्या खोक्यांचा. केंद्र सरकारच्या नोकरीत दर काही वर्षांनी बिऱ्हाड हलायचं, आणि प्रत्येक वेळी आई ऑइलपेंटचा डबा घेऊन लाकडी खोक्यांवर पुढच्या गावाचं नाव रंगवायची. झाशी, जबलपूर, मग दिल्ली. जुनं नाव नीट पुसायचा तिला कंटाळा, त्यामुळे जबलपूरच्या पोटातून झाशी डोकवायची.

शेवटचं क्वार्टर आर. के. पुरममधलं. बाबा निवृत्त होणार म्हटल्यावर आईने कोणाला न विचारता सगळ्या खोक्यांवर ‘मिरज’ लिहून टाकलं. माहेरही तिथलं, सासरही तिथलं, विचारायचं काय त्यात? पण बाबांनी तोवर नोएडात फ्लॅट घेतला होता. माझ्या कॉलेजपासून हवापाण्यापर्यंत त्यांनी सगळी कारणं दिली. दिल्लीचं हवापाणी! कितीतरी दिवस घरात भांडी तेवढी वाजत राहिली.

बाबांना जुन्या गाड्यांचा नाद. लिलावातून त्यांनी ही पिकअप आणली, तेव्हा तिचा हौदा पार कुजला होता. मग खोकी फोडून त्यांनी स्वतःच नवा बांधला. मिरजेची अक्षरं मात्र आतल्या बाजूला केली, जाता-येता आईच्या डोळ्यांसमोर नको म्हणून. ‘याच गाडीत सामान भरून जाऊ की एकदा,’ असं ते दरवर्षी म्हणायचे. जाणं राहिलं. मग बाबाही गेले.

आता दिल्लीत इतक्या जुन्या गाडीला रस्ता बंद. ती भंगारात द्यायची माझी छाती होईना, म्हणून इंजिन काढून बॅटरी बसवायचं ठरवलं. बॅटऱ्या हौद्याखाली जाणार, म्हणजे तळ उचलणं आलं, सगळ्या फळ्या खोलणं आलं. ऑफिसला दांड्या मारून मी करोल बागेत जुन्या घाटाचे दिवे आणि गोल आरसे शोधत हिंडले. खरं सांगायचं तर मला बाबा हवे होते, आणि मी आरसे विकत घेत होते.

एक गोष्ट मात्र आईला सांगायचं मी टाळत होते. एका चार्जिंगमध्ये ही गाडी मथुरेपर्यंत पोचली तरी खूप. आणि वाटेत चार्ज करत मिरजेपर्यंत जायचं म्हटल्यावर मेकॅनिक सरळ हसला होता. या सांगाड्याला हायवे झेपणार नाही, शहरातल्या शहरात फिरवा, म्हणाला. बाबांनी तोंडाने दिलेला शब्द मी बॅटऱ्या बसवून कायमचा मोडला होता.

फळ्या परत बसवायच्या दिवशी आई हट्टाने वर्कशॉपमध्ये आली.

“मॅडम, लकड़ी हटा दो,” मेकॅनिक मला म्हणाला. “लोहे की चादर लगवा लो, एकदम नई दिखेगी.”

“लकडी नहीं हटेगी,” आई मध्येच म्हणाली. “उलटी करो. अंदरवाला बाहर.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बाबांनी लपवलेली मिरज संध्याकाळपर्यंत मागच्या फाळक्यावर आली. रंग जरा उडाला होता, अक्षरं मात्र तशीच टपोरी. आई बराच वेळ मागे उभी होती. माझं सांगायचं पुन्हा राहिलं.

पहिल्या रविवारी आम्ही सरोजिनी नगरला जाऊन आलो. आईला गाऊन घ्यायचे होते. परतताना आश्रमच्या सिग्नलला एक स्कूटरवाला मागून पुढे येऊन खिडकीशी थांबला. गळ्यात ऑफिसचं आयकार्ड, रविवारीसुद्धा.

“काकू, मिरज? मी सांगलीचा!” त्याचा चेहरा नुसता फुलला होता. “गावाला निघालात की काय?”

“हो,” आई म्हणाली. “निघालोय.”

“अरे वा! सांगलीलाही जाऊन या मग.”

“येऊ की.”

मी तिच्याकडे पाहिलं. तिने पदर सारखा केला आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली, लांबच्या प्रवासाला बसल्यासारखी. मला फार वाईट वाटलं. सिग्नल सुटला. घराचा रस्ता सरळ समोर होता. मी उजवीकडे वळले, मथुरा रोडला.

फरीदाबाद मागे पडलं. खिडकीतून गरम वारा येत होता आणि मागे फळ्या खडखडत होत्या, बाबा चालवायचे तेव्हा खडखडायच्या तशाच. चार्जिंगचा काटा अर्ध्यावर आला. मी पाहिलं, आणि बहुतेक तिनेही पाहिलं.

“वळव आता,” आई म्हणाली. “आपली गाडी इथवरच येते ना?”