लाळ अडवणारे डॉक्टर

प्रयोगशाळेत सहा वर्षं काढली की माणसाकडं शोध कमी अन् किस्से जास्त साठतात. शोध वहीत लिहिता येतात. किस्से मात्र असे चार दोस्त बसले की आपोआप बाहेर पडतात!

निजामी राजवट संपल्यानंतरची वर्षं. परभणीत डॉक्टर निमगावकरांनी दवाखान्याच्या मागच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली होती. मी त्यांचा असिस्टंट. आपल्या लाळेत एक एन्झाइम असतं, ते भाकरीतल्या पिठाची साखर करतं. त्याला अडवणारं औषध झाडपाल्यातून काढायचं, हा डॉक्टरांचा ध्यास. कारण घरातच होतं. डॉक्टरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, मधुमेह. इन्सुलिन हैदराबादहून रेल्वेनं यायचं. कधी यायचंही नाही.

तपासणी सोपी. पिठाच्या पातळ खळीत लाळ अन् झाडपाल्याचा काढा घालायचा, थोड्या वेळानं आयोडीनचा थेंब. रंग निळा झाला नाही, तर लाळेनं पीठ खाल्लं. निळा झाला, तर लाळ अडली!

*

लाळ द्यायचे आमचे गफूरभाई, काचसामान धुणारे. तोंडात कायम पान. एकदा परीक्षानळी लालभडक! डॉक्टर म्हणाले, "गफूरभाई, पान सोडा."

गफूरभाई कळवळले, "साब, रियासत गई, सिक्का गया, अब पान भी?"

*

आयोडीन फार लागायचं. एकदा मोठी मागणी पाठवली, तर सरकारी कचेरीतून उलट विचारणा आली, "इतके जखमी कशाने झाले?"

डॉक्टरांनी उत्तर धाडलं, "जखमी कोणी नाही. संशोधन चालू आहे."

आयोडीन आलं. सोबत पट्ट्याही आल्या!

*

पेडगावचा बिरू धनगर मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचा, आम्हाला पाला-साली आणून द्यायचा. एक दिवस बाभळीची साल टेकवून म्हणाला, "साहेब, ही चघळा. तोंड लय आवळतंय. थुंकी अडवायची म्हणता, तर हिच्यावाणी दुसरी न्हाई."

काढा करून नळीत घातला. निळंशार! डॉक्टरांनी बिरूला मिठीच मारली.

दुसऱ्या दिवशी मला खुमखुमी आली. तोच काढा मी पोटातल्या रसावर लावून बघितला. तोही अडला. दूध फाडणाऱ्या रसावर लावला. तोही अडला. डॉक्टरांनी तिन्ही नळ्या ओळीनं मांडल्या. मग म्हणाले, "अरे, हा चोर पकडणारा शिपाई न्हाई. हा सगळं गावच आत टाकायलाय!"

बिरूला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मंग आमच्या पाटलासारखंच हाय की!"

*

आता शेवटचा.

एका दुपारी वहिनी डबा घेऊन प्रयोगशाळेत आल्या. स्टुलावर बसून सगळं बारकाईनं बघत होत्या. म्हणाल्या, "अहो, साऱ्या गावाची थुंकी तपासली तुमी. माझी कधी मागितली न्हाई."

डॉक्टर हसले. "ही घे नळी, दे."

खळ घेतली, त्यात वहिनींची लाळ. औषध नाही, साल नाही, काही नाही. ठरलेला वेळ झाला, मी आयोडीनचा थेंब टाकला.

निळं!

डॉक्टर म्हणाले, "नळी नीट धुतली नसेल." गफूरभाईंनी नवी नळी दिली. निळं. डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं ताजी खळ केली, शेजारच्या नळीत माझी लाळ घातली. माझी नळी पिवळट. वहिनींची निळी, पीठ जसंच्या तसं.

वहिनींनी नळी उजेडाकडं धरली, आधी तिच्याकडं अन् मग नवऱ्याकडं बघितलं.

"मग इतके दिवस तुमी कुणाला अडवायलात हो?"