भिशीचे पैसे वहिनींच्या खात्यात

रविवार, दसऱ्यानंतरचा पहिला. जागा: हडपसरचं आमचं घर. हजर: मी, शेजारच्या वहिनी, निवृत्त मुख्याध्यापिका काकू आणि वरच्या मजल्यावरच्या दोघी बहिणी. भिशीचा हिशेब माझ्याकडे.

आमच्यात चिठ्ठी काढण्याआधी विचारतात, कुणाला नड आहे का? जिला असेल तिनं कारण सांगायचं नाही, बाकीच्यांनी विचारायचं नाही. त्या दिवशी वहिनींनी हात वर केला. कारण मला एकटीला माहीत होतं. त्यांच्या मुलीनं स्वतःच्या मनानं लग्न केल्यापासून घरात नवरा आणि मुलगा तिचं नाव काढत नव्हते. आता तिला आठवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरचं दार बंद. म्हणून बहिणीकडे जाते असं सांगून वहिनी स्वतःच सोलापूरला लेकीकडे जाणार होत्या. डिंकाचे लाडू न्यायचे होते, बाळाला चांदीचे वाळे घ्यायचे होते.

पूर्वी भिशी रोख असायची. रुमालात बांधून न्यायची, पिठाच्या डब्यात ठेवायची. त्या डब्यात पुरुषाचा हात जात नाही. आता रोख कुणाकडेच नसते.

"वहिनी, खातं आहे ना?"

"आहे की. माझ्याच नावाचं. उद्या कार्डानं काढते."

मी फोनवरून पैसे पाठवले. थोरली बहीण म्हणाली, "चहा उकळायच्या आत काम झालं. पूर्वी काकू नोटा तीनदा मोजायच्या."

"दोनदाच," काकू म्हणाल्या. "तिसऱ्यांदा फक्त तुमच्या."

हसू ओसरलं नाही तोच वहिनींचा मुलगा दारात. खातं वहिनींचं होतं, पण त्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही, म्हणून ते उघडताना नंबर मुलाचा दिलेला. मेसेज त्याला गेला होता.

"आई, एवढे पैसे कसले?"

"भिशीचे. मावशीकडे जाईन म्हणते."

"मावशी तर उद्या यात्रेला निघाली आहे. कालच बोललो तिच्याशी."

वहिनी चहा गाळायला उठल्या.

"अरे, पैसे तिचे आहेत," काकू म्हणाल्या.

"काकू, तुम्ही चहा घ्या."

संध्याकाळी वहिनींच्या नवऱ्यानं त्यांचं कार्ड मागून घेतलं. मी माझ्याजवळचे पैसे देऊ केले, तर वहिनी म्हणाल्या, "आता पैशांचं नाही हो, ताई. हे म्हणाले, तिच्याकडे गेलीस तर परत येऊ नकोस."

सोलापूरला मुलगी झाली. कळा देताना लेक आईलाच हाका मारत होती, हे जावयानं मला फोनवर सांगितलं. वहिनींना मी ते सांगू शकले नाही. बाळाचे फोटो माझ्या फोनवर येतात. दुपारी वहिनी साखर मागायच्या निमित्तानं येतात, फोटो मोठा करून बघतात. "पाय उघडेच ठेवलेत हो," म्हणतात, आणि काचेवर बोट ठेवून बसतात. साखर न्यायची विसरतात.

निदान लेकीशी हवं तेव्हा बोलता यावं म्हणून त्यांच्या नावाचं सिमकार्ड घ्यायचं आम्ही ठरवलं. माझा एक जुना फोन आहे, तो पुसून, चार्ज करून ठेवला. सिमसाठी वहिनींचं आधार कार्ड लागतं. ते नवऱ्याच्या कपाटात असतं. मंगळवारी हे दवाखान्यात जातात, तेव्हा काढते, असं वहिनी दर सोमवारी सांगतात.

आजही मंगळवार होता. सिम घ्यायचं राहिलं आहे.