एमएसचा सत्कार

अमेरिकेत कॉलेजकडून मी बेसबॉल खेळलो, पिचर म्हणजे चेंडू फेकणारा म्हणून, पण व्यावसायिक संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये एकाही संघानं मला निवडलं नाही. मग मायनर लीगच्या सगळ्यात खालच्या पायरीवर एका संघानं उपकार केल्यासारखं घेतलं. दोन मोसम बसनं गावोगाव हिंडून चेंडू फेकले आणि खांदा कामातून गेला. एका सकाळी मैदानावर पोचलो, तर माझ्या कपाटात दुसऱ्याचेच बूट होते. माझी बॅग कुणीतरी भरून दाराशी ठेवली होती.

अमेरिका सोडून हेन्डरसनला घरी परतलो, त्याच आठवड्यात इथल्या मराठी मंडळाचा गणपती होता. आरती झाल्यावर मला स्टेजवर बोलावलं आणि शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला, अमेरिकेत एमएस पूर्ण केल्याबद्दल. बाबांनी मंडळात तसंच सांगून ठेवलं होतं, आणि आता ते पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. मी हसून नारळ घेतला. त्यांना फेकून मारायला खांदा कुठे उरला होता?

गाडीत मी विचारलं, "मी बेसबॉल खेळतो, हे का नाही सांगितलंत?"

"तुला जमलं असतं, तर सांगितलं असतं," बाबा म्हणाले.