एक चोरी, दोन मुद्देमाल

चोरीचा माल फिर्यादीला परत मिळाला आणि ज्यानं नेला त्याच्याकडेही तसाच राहिला, असं प्रकरण माझ्या सगळ्या नोकरीत एकच आलं. त्यामुळे ते विसरणं शक्य नाही.

आंबेगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली होती. मूळचे लोणीचे एक गृहस्थ आले. बाजारपेठेत त्यांचं लग्नपत्रिका छापण्याचं दुकान.

"साहेब, माझा कम्प्युटर चोरीला गेलाय."

"कुठून?"

"हाय तिथंच हाय. पण गेलाय."

पाहणी केली. कुलूप शाबूत, डबा जागेवर, स्क्रीन जागेवर. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ यायची आणि संपलं. मागचे स्क्रू गायब होते. आतली हार्डडिस्क कुणीतरी काढून नेली होती.

त्यांचा संशय धाकट्या भावावर. नुकतीच वाटणी झालेली. दुकान आणि यंत्रं थोरल्याला, वारूळवाडीची जागा धाकट्याला. बोलणं बंद. त्या डिस्कमध्ये आसपासच्या गावांतल्या घरोघरच्या पत्रिका होत्या. कुणाचं नाव कुणाच्या आधी घ्यायचं, हे तिलाच ठाऊक. आमच्याकडे एखाद्या मामाचं नाव खाली गेलं तर तो लग्नात जेवत नाही. शिवाय अक्षरं जुळवायचा प्रोग्राम इतका जुना, की तो विकणारी कंपनी बंद पडली होती आणि सीडी हरवलेली. नव्यानं टाकायची सोय नाही. ऐन लग्नसराईत गिऱ्हाइकं परत जात होती.

तक्रार अर्ज घेतला. चारच दिवसांत आमचे हवालदार आपल्या पुतण्याच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले.

"साहेब, ही वारूळवाडीत छापली. पण गणपती थोरल्याचाच हाय. सोंडेवरचा ठिपका बगा, त्याच्या समद्या पत्रिकांवर असतोय."

तिथल्या ठाण्याला कळवलं, मालाची ओळख पटवायला थोरल्याला बरोबर घेतलं आणि वारूळवाडी गाठली. धाकट्याच्या टेबलावर नवाकोरा कम्प्युटर, वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"समदं नवीन हाय साहेब. प्रोग्राम बी नवीनच टाकलाय."

"चालू करा."

पडद्यावर शिवनेरीच्या पायऱ्यांवर उभे असलेले थोरले बंधू आणि वहिनी दोघेही आले.

"हे जोडपं कंपनीनंच घालून पाठवलं का?" मी विचारलं.

त्यानं मान खाली घातली. "फोटो बदलाया हात धजला न्हाई."

मग सगळं बाहेर आलं. नवा कम्प्युटर घेतला, पण त्यावर जुना प्रोग्राम येईना. म्हणून जवळच्या जुन्या किल्लीनं दुकान उघडून डिस्क काढली. शेजारच्या दुरुस्तीवाल्या ताईंनी ती नव्या डब्यात बसवली. "आधी निळा पडदा आला, मग ताईंनी कायतरी केलं आन् जसंच्या तसं चाललं. परत काय टाकावंच लागलं न्हाई."

मी दरडावणार, एवढ्यात कम्प्युटरमधून कोंबडा आरवला. पडद्यावर पाटी आली: 'आईची गोळी'. धाकट्यानं सवयीनं फोन उचलला. "आई, बीपीची घेतली का?" आणि मग मी समोर असल्याचं त्याच्या ध्यानात आलं.

थोरल्यानं पुढं होऊन पाटी वाचली. ती पाटी त्यानंच लावलेली. ती वाजली की तो दुकानातून घरी फोन करायचा. डिस्क गेल्यापासून त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

"मला वाटलं आई आता आपली आपण घेती," तो म्हणाला.

"मी रोज करतो. तुला सांगू नको म्हणली," धाकटा म्हणाला.

ताईंना बोलावलं. ऐकून त्या वैतागल्या. "आवो, एवढंच व्हय? हिची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवते. जुनी थोरल्यांच्या डब्यात, नवी धाकट्यांच्या. मला म्हणले डिस्क घरचीच हाय."

"घरचीच व्हती," थोरला पुटपुटला. तिथंच मला कळलं, तो तक्रार मागे घेणार.

खरी पंचाईत हवालदारांची झाली. "साहेब, गेलेला माल एक. परत दिला एक. धाकट्याकडं राहिला एक. कागदावर बसवायचं कसं?" शेवटी 'कौटुंबिक गैरसमज, आपसात मिटला' असं लिहून अर्ज निकाली काढला.

पुढे एकदा बंदोबस्तात त्या दोघांची आई भेटली. मला वाटलं, दुवा देईल.

"साहेब, एकाला तरी आत टाका. दोगं बी एकाच टायमाला फोन करत्यात. एकाला हो म्हनते तवर दुसऱ्याचा वाजतोय. लई ताप झालाय."

भावांच्या भांडणात काय नेलं, हे विचारून पोलिसाला फारसं काही कळत नाही. तेव्हापासून कुणी भाऊ भावाविरुद्ध अर्ज घेऊन आला, की मी आधी खुर्ची द्यायचो आणि विचारायचो, "आई कशी आहे?" निम्मे अर्ज तिथंच परत जायचे.